पंधरा ते पन्नास

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला रस्त्यावर फार तर वीस वर्षं राहता येतं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. दीड महिना आधीच बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी डबलडेकर गेली होती, तिलाही असाच निरोप मिळाला होता. मला ते वाचून समाधान वाटलं. जाणाऱ्याला कुणी दारापर्यंत पोचवायला गेलं की बरं वाटतं, तसं.

पण टॅक्सीला ही तारीख मिळाली, कारण तिच्याकडे परमिट होतं आणि परमिटाला मुदत असते. पद्मिनीला सगळे फियाटच म्हणायचे. मग बाकीच्या फियाट कधी गेल्या? पुढच्या काचेवर लाल फुली चिकटवलेली डॉक्टरांची पांढरी फियाट, टपावर पाटी लावून रस्त्याच्या कडेकडेने जाणारी ड्रायव्हिंग स्कूलची फियाट, कार्यालयाबाहेर झेंडूच्या माळा घालून नवरीची वाट बघत उभी असलेली फियाट. नाशिकला, साताऱ्याला, सांगलीला एखाद्या वकिलाच्या किंवा व्यापाऱ्याच्या वाड्यासमोर दुपारभर उन्हात तापणारी फियाट. यांची शेवटची तारीख कुणापाशीच नाही. एका पिढीने रोज पाहिलेली गाडी रस्त्यावरून निघून गेली आणि ती नेमकी कधी गेली, हे त्या पिढीतला एकही माणूस सांगू शकत नाही.

नेहमीच्या गोष्टीचं हे असंच होतं. ती मोजायची कुणाला गरज वाटत नाही. रस्त्यावर शंभरातल्या साठ गाड्या फियाट होत्या तेव्हा डोळा त्यांच्यावरून घसरून जायचा. तीस झाल्या तेव्हाही, दहा झाल्या तेव्हाही. मग एक दिवस सिग्नलला शेजारी एक येऊन थांबते आणि आपण मान वळवून बघतो. आपल्या बघण्यात कौतुक असतं, आणि त्या कौतुकानेच मला चर्र होतं. जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तिच्याकडे लोक मोबाइल काढून बघायला लागले, म्हणजे मधली सगळी वर्षं आपल्या नकळत निघून गेलेली असतात.

या गाडीबद्दल मी तटस्थपणे लिहू शकणार नाही, हे आधीच सांगायला हवं. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये कामाला होते. आम्ही नेहरूनगरात राहायचो. बाबा रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी नखांत काळसर तेल घेऊन घरी यायचे. साबणाने, राखेनेही ते पूर्ण जायचं नाही. आमच्या घरात स्वतःची गाडी कधी आली नाही, पण रस्त्यावरून चालताना बाबांची नजर सारखी गाड्यांवर असायची. उभ्या टॅक्सीपाशी ते थांबत, दार आणि बॉडी यांच्या मधल्या फटीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "हे दार आमच्या हातचं नाही. नंतर बसवलंय." टॅक्सीवाला विचारायचा, तुम्हाला कसं कळलं? बाबा त्याला फट दाखवायचे: वर बारीक, खाली रुंद. कारखान्यातून निघालेल्या दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी असते, बोट अडखळत नाही. तो टॅक्सीवाला मग कबूल करायचा, हो, अमुक साली ठोकली होती. मला लहानपणी ही जादू वाटायची. आता कळतं की तो हाताचा अभ्यास होता, आणि तो बाबांबरोबर गेला.

प्रीमियर हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा उद्योग. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी या देशात तयार व्हाव्यात असं इंग्रजांच्या राज्यात ज्यांनी ठरवलं आणि तिन्हींना हात घातला, ते हे गृहस्थ. १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना, पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणी, आणि १९४४ साली प्रीमियर. १९४७ साली कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथसारख्या भल्यामोठ्या अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची. फियाटशी करार नंतरचा. १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात येऊ लागली आणि इथेच मुक्कामाला राहिली. पुढे तिची नावं आणि रूपं बदलत गेली: एलिगंट, सुपर सिलेक्ट, डिलाइट. सत्तरीच्या दशकात प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी. बॉनेटखालचं १०८९ सीसीचं इंजिन मात्र तेच. इटलीने ११०० बनवणं १९६९ साली थांबवलं. कुर्ल्याने ती त्यानंतर आणखी तीसएक वर्षं बनवली.

या तीस वर्षांबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. परवाना राज होतं, स्पर्धा नव्हती, पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागे आणि हातात यायची ती साठीच्या दशकातल्या साच्याची गाडी. हे सगळं खरं आहे आणि त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्याच तीस वर्षांत दुसरंही एक घडलं. गाडी बदलत नव्हती म्हणून लोकांना ती पाठ झाली. मुंबईतल्या, मिरजेतल्या, मालेगावातल्या मेकॅनिकला ती पाठ होती. चांगला ड्रायव्हर निम्मा मेकॅनिक असायचा. शेजारच्या काकांनाही ती इतपत माहीत असायची की वाटेत बंद पडली तर बॉनेट उघडून प्रश्न विचारायचे ते दोनच: करंट येतोय का? पेट्रोल येतंय का? करंट येत नसेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट घासायचे. पेट्रोल येत नसेल तर पंपाकडे बघायचं. तिसरा आजार फारसा नसायचा.

खंडाळ्याचा घाट चढताना हे ज्ञान दुतर्फा दिसायचं. एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी, म्हणजे २००० सालापर्यंत, उन्हाळ्यात खोपोली सोडलं की वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसत. रेडिएटर उकळलेला, किंवा उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ झालेली. ड्रायव्हर रुमाल ओला करून पंपावर आणि नळीवर ठेवायचा आणि वाट बघायचा. घाईला उपाय नव्हता. मंडळी खाली उतरायची, पोरं दरीकडे धावायची, डबे उघडायचे. अनोळखी गाडीवाला थांबून विचारायचा, "पाणी हवंय का?" त्याच्या डिकीत कॅन असायचा, कारण घाटात आपलीही गाडी तापणार हे त्याला ठाऊक असायचं. गाडी बंद पडणं म्हणजे आज फोन काढून कंपनीचा टोल-फ्री नंबर लावणं. तेव्हा ती चार माणसांनी मिळून सोडवायची गोष्ट होती. ती आजच्यापेक्षा चांगली होती असा माझा दावा नाही; तापात असलेल्या मुलाला घेऊन घाटात अडकलेल्या आईला ती मुळीच चांगली वाटली नसेल. पण तो पाण्याचा कॅन आता कुणाच्या डिकीत नसतो, हेही तितकंच खरं.

आमच्या वाट्याला फियाट आली ती टॅक्सी म्हणून. नेहरूनगरच्या एसटी डेपोबाहेर काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांची रांग असायची. मे महिन्याच्या अखेरीस पहाटे पहाटे कोकणातल्या गाड्या यायच्या आणि गावाहून परतलेली कुटुंबं डोळे चोळत उतरायची. तांदळाची पोती, फणस, कोकमाच्या बरण्या, दोरीने करकचून बांधलेली खोकी आणि झोपलेलं एखादं मूल. पाच फूट लांबीच्या त्या टपावरच्या कॅरिअरवर काय काय राहायचं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटणार नाही. टॅक्सीवाला दोरी कॅरिअरच्या नळीतून ओवायचा, एक पाय चाकाच्या मडगार्डावर रोवून ओढायचा, गाठ मारायचा आणि गाठीवर थाप द्यायचा. मग चालत डाव्या बाजूला यायचा आणि बाहेर बसवलेल्या मीटरचा दांडा खाली पाडायचा. खट्‌ आवाज यायचा. प्रवास सुरू झाला तो त्या आवाजापासून, इंजिन त्यानंतर.

आत बसलं की पुढे सलग बाक. ड्रायव्हरशेजारी बाबा, त्यांच्यामध्ये मी. गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधल्या मुलाचे गुडघे कुणाच्या आड यायचे नाहीत. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात एक छोटी तिकोनी काच असायची. ती तिरकी उघडली की वारा थेट तोंडावर यायचा. बाबा म्हणायचे, ही काच म्हणजे या गाडीचा एसी, आणि याला पेट्रोल लागत नाही. पुढे नवीन गाड्यांमधून ती काच गेली. का गेली हे मला कळलं नाही. इतकी बिनखर्चाची आणि इतकी सुखाची दुसरी सोय मी मोटारीत पाहिली नाही. उतरताना मीटरवरचा आकडा म्हणजे भाडं नसे. जुन्या दराचा तो आकडा घेऊन टॅक्सीवाला टॅरिफ कार्ड काढायचा आणि त्यावर बोट ठेवून पुढचा आकडा वाचायचा. बाबाही वाकून बघायचे. दोघांची नजर एका कार्डावर, तेवढ्या क्षणापुरती. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि कार्ड गेलं.

त्याआधी सीएनजी आला. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्स्यांना गॅसवर जावं लागलं आणि शहराच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच झालं. पण गॅसची टाकी डिकीत बसली, आणि डिकी संपली. मग सगळं सामान टपावर. माणसं म्हणायची, फियाटला डिकी कुठे असते! तिला डिकी होती, चांगली खोल होती. शेवटच्या वीस वर्षांत ज्यांनी ती पाहिली त्यांनी म्हाताऱ्या माणसालाच पाहिलं, आणि तो असाच जन्मला होता असं समजले.

मोटारीच्या जगाला खरा धक्का बसला तो मारुती ८०० मुळे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या गिऱ्हाइकाला चावी दिली गेली. ७९६ सीसीचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, हलका पत्रा, पहाटे एका किल्लीत सुरू. आमच्या इमारतीत पहिली आठशे आली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, दाराच्या फटीवरून बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "फट एकसारखी आहे." एवढंच. कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली ती दाद होती, आणि आपलं काय होणार हेही त्यांना त्याच वेळी कळलं असावं. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नव्वदीच्या अखेरीस पुण्याजवळ चिंचवडला इंडिका तयार होऊ लागली, २००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले. कार्बुरेटरवाल्या जुन्या गाडीला त्यात जागा नव्हती. तरीही नव्वदीच्या अखेरपर्यंत मुंबईत सुमारे ६३,००० टॅक्स्या होत्या आणि त्यात बहुसंख्य पद्मिनीच होत्या. मग २००८ साली पंचवीस वर्षांची आणि २०१३ साली वीस वर्षांची मर्यादा आली, आणि त्या फार लवकर संपल्या.

कुठे गेल्या? बऱ्याचशा कुर्ल्यालाच परत आल्या. सीएसटी रोडवर भंगाराचा आणि सुट्या भागांचा जुना बाजार आहे. एकीकडे दारं रचलेली, एकीकडे इंजिनं, तारांची भेंडोळी, तेलाने काळी पडलेली जमीन. ज्या गावात जन्मली त्याच गावात, जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर, गाडी सुटी केली जायची. बाबांना निवृत्तीनंतर मी एकदा तिथून नेलं होतं. ते एका उभ्या दारापाशी थांबले, उलटंसुलटं करून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "हे चांगलं आहे. कापू नका, कुणाला तरी लागेल." कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. तिथे राहणाऱ्या एका मैत्रिणीला मी सांगितलं की तुझ्या पार्किंगच्या खाली कधीकाळी गाड्या तयार होत होत्या. तिला ते माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. मला तरी तिथे तसं सांगणारी ठळक पाटी दिसली नाही.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. चांगला नियम आहे. पण जरा हिशेब मांडून बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा फी, पर्यावरण कर. म्हणजे पंधराव्या वर्षापासून गाडी जुनी, आणि पन्नासाव्या वर्षापासून मौल्यवान. मधली पस्तीस वर्षं ती कुणाचीच नाही. विकायला गेलं तर भाव नाही, विमा कंपनी नाखूश, सोसायटीत शेजाऱ्यांना ती जागा अडवणारी वाटते, आणि घरातली तरुण मुलं म्हणतात की काढून टाका. ही पस्तीस वर्षं ज्याच्याकडे मोठं गॅरेज आहे, नोकर आहेत, पैसा आहे त्याची गाडी तरून जाते. म्हणून संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आज झळझळीत उभ्या आहेत. त्या मुळातच थोड्या होत्या, आणि जपल्या गेल्या त्या थोड्या होत्या म्हणूनच. जी गाडी हजारोंनी होती ती जपावी असं वाटायला कुणाला कारणच मिळालं नाही. प्रत्येकाने धरून चाललं की दुसऱ्या कुणाकडे तरी असेलच.

टॅक्सीचं तर आणखी अवघड. खासगी फियाट निदान पन्नाशी गाठू शकते. टॅक्सीला विसाव्या वर्षी रस्ता सोडावा लागतो, त्यामुळे टॅक्सी म्हणून ती पन्नाशीची कधी होऊच शकत नाही. कायद्यात तिच्या म्हातारपणाला रकानाच नाही. एक तरी पद्मिनी टॅक्सी जतन करून ठेवा अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारला केली होती. त्यातून काही निघालं नाही. काहींनी आपापल्या परीने एखादी घेतली आहे, हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवली आहे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण दारातल्या शोभेच्या गाडीला बहुधा चकचकीत रंग असतो, मीटर नसतो आणि इंजिनही नसतं. जुन्या मुंबईतला साधा रस्ता बघायचा तर मला सिनेमाच लावावा लागतो. 'छोटी सी बात'सारखा सिनेमा बघताना मी नायक-नायिकेच्या मागे बघत असते: बसथांब्याच्या पलीकडून एक फियाट जाते, मग दुसरी, मग दोन टॅक्स्या. कॅमेऱ्याने त्या मुद्दाम टिपल्या नाहीत. त्या तिथे होत्याच. आज तेवढाच पुरावा उरला आहे.

चेंबूरला एक मिस्त्री आहेत, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांच्या गॅरेजात अजून दोन-तीन फियाट येतात, सगळ्या खासगी. बाबांची मुलगी म्हणून ते मला बसायला स्टूल देतात. मागच्या वेळी गेले तेव्हा एक क्रीम रंगाची गाडी मिसिंग मारत होती. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून एकेका जागी ऐकलं. मग म्हणाले, "तिसरा. टॅपेट वाजतोय, आणि प्लगही गेलाय." झाकण काढल्यावर तिसराच निघाला. त्यांच्या हाताखालचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, आयटीआय केलेला. तो स्कॅनर लावून नव्या गाड्यांचे दोष झटकन सांगतो आणि त्यातही बुद्धी लागतेच. मी त्याला विचारलं, हे कानाने ऐकणं तुला जमतं का?

"थोडं थोडं," तो म्हणाला. "पण ताई, शिकायला गाड्याच नाहीत. महिन्यातून एखादी येते. तेवढ्यात कान बसत नाही."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आम्हाला दिवसाला आठ यायच्या. म्हणून जमलं. आम्ही काही वेगळे नव्हतो."

त्यांचं बोलणं मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते. गाडी एकटी जात नाही. तिच्या पाठोपाठ तो कान जातो, दाराच्या फटीवरून फिरणारं बोट जातं, दोरीची गाठ जाते. आणि ही कौशल्यं एखाद्या कलावंताकडून शिकता येत नाहीत, ती गर्दीतूनच येतात; दिवसाला आठ गाड्या हव्यात. संग्रहालयात एक गाडी ठेवून रूप वाचेल, कान वाचणार नाही. तरीही ती एक ठेवायला हवी असं मला वाटतं, आणि ठेवायची तर टॅक्सीच ठेवावी, चालती ठेवावी, कॅरिअरसकट आणि बाहेरच्या मीटरसकट. वर्षातून काही दिवस तरी ती रस्त्यावर काढावी आणि त्या मुलासारख्या कुणाला तरी तिच्यावर काम करायला बोलवावं.

फियाटच्या बाबतीत आपल्याला उशीर झाला आहे. आठशेच्या बाबतीत अजून झालेला नाही. २०१४च्या जानेवारीत ती बनवणं थांबलं. पंचवीस लाखांहून जास्त बनल्या. या देशातल्या किती मध्यमवर्गीय घरांची ती पहिली गाडी, याची मोजदाद नाही. आज मुलुंडहून ठाण्याला जाताना मला वाटेत एखाद-दुसरी दिसते, आणि कधीमधी दिसतही नाही. म्हणजे पंधरा ते पन्नासमधली ती दरी आठशेसाठी सुरू झाली आहे, आणि यावेळी ती आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाली आहे.

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंकडे २००८ सालची एक आहे, लालसर रंगाची. काकांनी घेतलेली. ते गेल्यावर काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वतः चालवायला शिकल्या. पंधरा वर्षं भरली तेव्हा भंगारवाला येऊन भाव सांगून गेला आणि त्यांच्या मुलाने परगावाहून फोन करून देऊन टाक म्हणून सांगितलं. पुन्हा नोंदणीची फी २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर, वर पासिंगसाठी थोडंफार काम. गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च वेडेपणाचाच.

काकूंनी मला विचारलं, "अगं, तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते?"

मी खाली गेले. दाराच्या फटीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. डावं मागचं दार सोडलं तर सगळीकडे सारखी होती. ते दार कुठेतरी घासलं होतं आणि नंतर बसवलं होतं, हे काकूंनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, ठेवा. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी तो आयटीआयचा मुलगा पाठवला. त्याने ब्रेक, सायलेन्सर आणि पुढचे दिवे बघितले, दोन दिवस गाडी गॅरेजात ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं आरटीओत गेलो. दुपारी पासिंग झालं. पुढची तपासणी २०२८ साली. परत येताना गाडी काकूंनी चालवली, आणि तो मुलगा शेजारी बसून टॅपेटचा आवाज ऐकत होता.